चित्रकार वेरेश्चागिन : विजयाचे चित्र कसे पाहावे?

थोरांची ओळख करून देताना आम्ही सहसा संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ यांच्याकडे वळतो. या खेपेला एका रशियन चित्रकाराची ओळख करून देत आहोत. निमित्त घडले ते आठवीच्या चित्रकलेच्या तासाचे. फळ्यावर एका युद्धचित्राची छापील प्रत लावली होती आणि चित्रात काय दिसते ते पाच ओळींत लिहा, एवढेच सांगितले होते. बहुतेकांनी लिहिले की पांढऱ्या घोड्यावरून एक सेनापती दौडत आहे, सैनिक टोप्या उडवीत आहेत, म्हणजे त्यांचा विजय झाला आहे. दोघातिघांनी बर्फात पडलेल्या माणसांबद्दल लिहिले. एका मुलीने मात्र उत्तराऐवजी प्रश्नच लिहून दिला. चित्र विजयाचे असेल तर सेनापती इतका लांब आणि लहान का, आणि मेलेली माणसे पुढे आणि मोठी का, चित्रकार चुकला तर नाही ना, असा तिचा प्रश्न होता.

प्रश्न आम्हाला फार आवडला. त्याचे उत्तर द्यायचे तर त्या चित्रकाराचे सारे आयुष्यच सांगावे लागते. म्हणून हा लेख.

चित्रकाराचे नाव वासिली वेरेश्चागिन. जन्म २६ ऑक्टोबर १८४२, रशियातील चेरेपोवेत्स या गावी, जमीनदाराच्या घरात. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलांनी सैन्यात किंवा नौदलात जायचे हे घरात ठरलेलेच. लहानपणीच वासिलीला घरापासून दूर लष्करी शाळेत घातले गेले. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या नौदल विद्यालयातून १८६० साली तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. समोर मानाची नोकरी होती. ती सोडून त्याने चित्रकलेच्या अकादमीत नाव घातले. घरच्यांना हे मुळीच पसंत नव्हते. चित्रकारी हा चांगल्या घरच्या मुलाचा धंदा नव्हे, असे तेव्हा तिकडेही समजत. आपल्याकडच्या पालकांना ही गोष्ट काही अगदीच परकी वाटू नये!

अकादमीत ग्रीक पुराणातले प्रसंग रंगवायला शिकवीत. ओडिसियसच्या कथेवरच्या त्याच्या चित्राला पदक मिळाले. त्याच विषयाचे मोठे रेखाटन त्याने नंतर स्वतःच्या हाताने जाळून टाकले. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते रंगवायचे नाही, अशी त्याची वृत्ती बनत चालली होती. तो कॉकेशस पर्वताच्या प्रदेशात हिंडला, पॅरिसला जाऊन जेरोम या नामवंत चित्रकाराजवळ शिकला आणि १८६७ मध्ये जनरल कौफमानच्या सैन्याबरोबर मध्य आशियात, तुर्कस्तानात गेला. वय पंचविशीच्या आत. युद्ध कसे असते ते जवळून पाहायचे, हा हेतू.

पाहायला गेला आणि लढावे लागले. जून १८६८ मध्ये समरकंदच्या किल्ल्यात थोडीशी रशियन शिबंदी ठेवून मुख्य फौज पुढे निघून गेली. मागे शहर उठले आणि हजारोंनी किल्ल्याला वेढा घातला. आठवडाभर चाललेल्या त्या झुंजीत हा चित्रकार बंदूक घेऊन तटावर उभा राहिला आणि पडलेल्या भगदाडांतून सैनिकांच्या पुढे धावला. त्याबद्दल त्याला शौर्याचा संत जॉर्ज क्रॉस मिळाला. ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. पुढे युद्धाविरुद्ध चित्रे काढणारा हा माणूस भित्रा नव्हता, की दूर बसून उपदेश करणाराही नव्हता. त्याने माणसे मरताना पाहिली होती आणि स्वतःही लढला होता.

तुर्कस्तानातून परतल्यावर म्युनिकला राहून त्याने चित्रांची एक मोठी मालिका पुरी केली. त्यातले एक चित्र जगभर माहीत झाले. १८७१ साली काढलेल्या त्या चित्राचे नाव 'युद्धाचा परमोत्कर्ष'. ओसाड पिवळी जमीन, मागे उद्ध्वस्त शहर, वाळलेली झाडे, आणि मधोमध माणसांच्या कवट्यांचा ढीग. ढिगावर कावळे. वर आकाश मात्र स्वच्छ निळे. नीट पाहिले तर कवट्यांवर तलवारींचे घाव आणि गोळ्यांची भोके दिसतात. तैमूरलंग जिंकलेल्या शहरांबाहेर असे मनोरे रचीत असे, हे इतिहासात आपण वाचतो. पण वेरेश्चागिनने चौकटीवर लिहून ठेवले की हे चित्र होऊन गेलेल्या, आज असलेल्या आणि पुढे होणाऱ्या सर्व थोर विजेत्यांना अर्पण आहे. तैमूरपुरते बोलून तो थांबला असता तर कोणालाच राग आला नसता.

राग आला तो वेगळ्याच चित्राचा. १८७४ साली सेंट पीटर्सबर्गला ही मालिका प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यात 'विसरलेला' नावाचे एक चित्र होते. रणांगणावर एक रशियन सैनिक मरून पडला आहे, त्याची पलटण निघून गेली आहे आणि पक्षी गोळा होत आहेत. आपली फौज आपल्या मेलेल्यांना असे टाकून जात नाही, हा सैन्याचा अपमान आहे, असे मोठे अधिकारी म्हणू लागले. ज्याच्याबरोबर तो युद्धावर गेला होता तो कौफमानही त्यांत होता. बोल जिव्हारी लागला. वेरेश्चागिनने ते चित्र आणि त्याबरोबर आणखी दोन चित्रे फाडून जाळली. प्रसिद्ध संगीतकार मुसोर्गस्कीने त्या जळलेल्या चित्रावर एक गीत रचले आणि ते आजही गायले जाते. अशा रीतीने चित्र गेले, तरी त्याचा विषय लोकांच्या कानी राहिला. उरलेली सारी मालिका मॉस्कोचे व्यापारी पावेल त्रेत्याकोव्ह यांनी ९२,००० रूबलला विकत घेतली. चित्रे विखुरली जाऊ नयेत आणि लोकांना पाहता यावीत, असा चित्रकाराचा आग्रह होता.

चित्रे जाळून तो निघाला तो थेट हिंदुस्थानात. १८७४ च्या ऑगस्टमध्ये तो मुंबईत होता. तिकडे अकादमीने त्याला प्राध्यापक ही पदवी दिल्याचे त्याला कळले. कलेत पदव्या आणि मानमरातब घातकच होत, म्हणून ही पदवी मला नको, असे त्याने मुंबईहून वर्तमानपत्राला कळवून टाकले. रशियात मोठी खळबळ उडाली. आपल्या मुंबईतून गेलेल्या त्या दोन ओळींच्या पत्राने एका साम्राज्याची कला-अकादमी संतापली, हे वाचून आम्हाला गंमत वाटली.

१८७६ पर्यंत तो पत्नीसह हिंदुस्थानभर हिंडला. मुंबईत त्याने पारशी धर्मगुरूचे चित्र काढले. आग्र्याचा ताजमहाल आणि मोती मशीद रंगवली. काश्मीर, लडाख, सिक्कीम पाहिले. कांचनजंगाच्या बाजूला भर हिवाळ्यात चढताना तो जवळजवळ गोठून मेला होता. जयपुरात इंग्रज युवराजाच्या स्वागताची हत्तींवरून निघालेली मिरवणूक त्याने पुढे एका प्रचंड चित्रात उतरवली. ते चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. सहलीला गेलात तर जरूर पाहावे.

आता आपण त्या मुलीच्या प्रश्नाजवळ येत आहोत. १८७७ मध्ये रशिया आणि तुर्कस्तानचा सुलतान यांच्यात युद्ध पेटले. रणभूमी होती बल्गेरिया. वेरेश्चागिन पॅरिसहून धावत आला. डॅन्यूब नदीत शत्रूच्या जहाजावर सुरुंग घेऊन जाणाऱ्या एका लहानशा नौकेवर तो हट्टाने चढला आणि मांडीत गोळी लागून रुग्णालयात पडला. पुरता बरा होण्याआधीच तो प्लेव्हना गावाच्या वेढ्यावर पोचला. तेथे ११ सप्टेंबर १८७७ रोजी तिसरा मोठा हल्ला झाला. रशियन पंचांगाप्रमाणे तो सम्राट अलेक्झांडर दुसरा याच्या नामदिनाचा दिवस होता. त्या हल्ल्यात रशियाचे सुमारे १३,००० सैनिक मेले किंवा जखमी झाले आणि प्लेव्हना काही पडले नाही. वेरेश्चागिनचा धाकटा भाऊ सेर्गेई त्या दिवशी मारला गेला. दुसरा भाऊ अलेक्झांडर जखमी झाला. पुढे वासिली सेर्गेईचा देह शोधायला त्या रणांगणावर गेला, पण कोणता देह कोणाचा हे ओळखण्याच्या पलीकडे गेले होते.

या दिवसाचे त्याने काढलेले एक चित्र पाहण्यासारखे आहे. त्यात लढाई जवळजवळ दिसतच नाही. एका टेकडीवर खुर्चीत सम्राट बसला आहे, मागे अधिकारी उभे आहेत आणि सारे लांबवरच्या धुराकडे पाहत आहेत. बस्स, एवढेच. शिवी नाही, टीका नाही. पण त्या धुरात चित्रकाराचा भाऊ होता हे कळले की तेच चित्र निराळे दिसू लागते.

त्याच हिवाळ्यात शिपका खिंडीत रशियन फौजा बर्फात तळ देऊन होत्या. सेनापती राजधानीला तारा पाठवी की शिपक्यावर सर्व शांत आहे. लढाई थंडावली होती हे खरे. पण सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तेथे गोळ्यांनी मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ७०० होते, आणि थंडीने व आजाराने निकामी झालेले सुमारे ९,५०० होते. वेरेश्चागिनने तीन चित्रांचा एक संच काढला. पहिल्यात बर्फाच्या वादळात एक पहारेकरी उभा आहे. दुसऱ्यात तो बर्फात बुडून वाकला आहे. तिसऱ्यात बर्फाचा एक उंचवटा उरला आहे आणि त्यातून कोटाचा तुकडा डोकावतो आहे. संचाला नाव दिले तारेतलेच : 'शिपक्यावर सर्व शांत आहे'. एक शब्दही खोटा न लिहिता सरकारी भाषेचे सारे पोकळपण त्याने उघडे केले.

८ आणि ९ जानेवारी १८७८ रोजी शिपक्याखालच्या शेइनोवो गावाजवळ निर्णायक लढाई झाली. जनरल स्कोबेलेव्ह हा त्या काळचा रशियाचा सर्वांत लाडका सेनापती. पांढरा घोडा, पांढरा पोशाख, गोळ्यांच्या वर्षावात हसत फिरणारा. वेरेश्चागिनचा तो जुना स्नेही होता. स्कोबेलेव्हने तुर्की छावणी जिंकली. सुमारे २२,००० तुर्की सैनिक शरण आले. रशियाचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांच्या वर गेले. लढाई संपताच स्कोबेलेव्हने घोड्याला टाच मारली आणि रांगेने उभ्या असलेल्या पलटणींसमोरून दौडत त्याने सैनिकांना धन्यवाद दिले.

आठवीच्या फळ्यावर लावलेले चित्र ते हेच. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहात आहे. ते सुमारे तीन मीटर लांब आहे. या प्रसंगाचे चित्र दुसऱ्या कोणी काढले असते तर घोडा, सेनापती आणि निशाण मधोमध मोठे आले असते. वेरेश्चागिनने सेनापतीला डोंगराच्या पायथ्याशी नेऊन ठेवले. सैनिकांच्या रांगा आणि हवेत उडणाऱ्या टोप्या ठिपक्यांएवढ्या झाल्या. समोरचा मोठा भाग व्यापला आहे तो तुडवलेल्या मळकट बर्फाने आणि त्यात ज्या स्थितीत पडले त्याच स्थितीत गोठून गेलेल्या माणसांनी. त्यात रशियन आहेत, तुर्कही आहेत. बर्फावर ते एकमेकांशेजारी आहेत. जयघोष चालला आहे, पण ज्यांनी तो विजय मिळवला त्यांतल्या या माणसांना तो ऐकू येत नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या दिवशी सेनापतीमागून घोडा फेकणाऱ्यांत वेरेश्चागिन स्वतः होता! टोप्या उडताना त्याने घोड्यावरून पाहिल्या होत्या, तो जल्लोष त्याच्या कानांत भरला होता. म्हणजे त्याला हे चित्र घोड्यावरून काढता आले असते. तसे न करता तो मनाने घोड्यावरून खाली उतरला, चालत मागे आला आणि मेलेल्यांमध्ये उभा राहून त्याने विजयाकडे पाहिले. चित्र कोठे उभे राहून काढले आहे, हे ज्याला कळले त्याला चित्र कळले. चित्रकार चुकला नव्हता, बाळ. त्याने ठरवून जागा बदलली होती.

सेनापतीवर राग म्हणून हे केले असेही नव्हे. स्कोबेलेव्हचे शौर्य त्याला मान्य होते. चित्रात सेनापतीची थट्टा नाही, त्याचा आनंदही खोटा दाखवलेला नाही. विजय खरा आणि किंमतही खरी, दोन्ही एकाच चौकटीत त्याने ठेवले. आधी काय पाहायचे एवढे मात्र त्याने आपल्यासाठी ठरवून दिले.

या चित्रांची प्रदर्शने त्याने सेंट पीटर्सबर्ग, व्हिएन्ना, बर्लिन, पॅरिस, लंडन येथे भरवली. तिकीट स्वस्त ठेवले, म्हणजे मजूर आणि साधे सैनिकही येऊ शकतील. दालनात विजेचे दिवे, गालिचे, संगीत अशी मांडणी असे. व्हिएन्नात महिन्याभरात लाखाहून अधिक लोक आले. बर्लिनला १८८२ मध्ये जर्मनीचे वृद्ध सेनापती मोल्टके प्रदर्शन पाहायला आले, आणि नंतर सैनिकांना तेथे जायला मनाई झाली. चित्राची ताकद सेनापतींना बरोबर कळली होती, असेच म्हणावे लागेल.

आपल्याशी निगडित असे आणखी एक चित्र सांगायला हवे. १८८२-८३ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि त्यानंतर त्याने इंग्रजांनी बंड कसे मोडले ते रंगवले. तोफांची एक रांग, प्रत्येक तोफेच्या तोंडी बांधलेला माणूस, सर्वांत पुढे पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध, आणि बाजूला लाल डगल्यांतले शिपाई. इंग्लंडात त्यावरून फार चिडचिड झाली. चित्रातले गणवेश १८५७ चे नसून नंतरचे आहेत, असे जाणकार दाखवून देतात. पण अशी शिक्षा १८५७ नंतरही संपली नव्हती. जानेवारी १८७२ मध्ये पंजाबात मालेरकोटल्याला नामधारी कूका शिखांना तोफांच्या तोंडी दिले गेले होते. मूळ चित्र आता लोकांसमोर नाही. छायाचित्रांतून आणि छापील प्रतींतूनच ते आपल्याला दिसते.

वेरेश्चागिनमध्ये विसंगती नव्हती असे नाही. ज्या युद्धांचा त्याला तिटकारा होता त्यांच्याकडेच तो पुन:पुन्हा ओढला गेला. तुर्कस्तानात तो गेला तोही दुसऱ्यांचा मुलूख जिंकणाऱ्या फौजेबरोबरच. आम्हाला वाटते, हे लपवू नये. स्वतःच्या हातावरचे डाग ठाऊक असलेल्या माणसानेच ही चित्रे काढली, म्हणून ती पोकळ उपदेश वाटत नाहीत.

नंतरच्या वर्षांत त्याने १८१२ च्या नेपोलियनच्या रशियावरील स्वारीची मालिका काढली, अमेरिका, फिलिपिन्स, क्यूबा पाहिले, १९०३ मध्ये जपानलाही जाऊन आला. दुसऱ्याच वर्षी जपान आणि रशियात युद्ध सुरू झाले. साठी उलटलेला हा माणूस पुन्हा वही घेऊन निघाला. १३ एप्रिल १९०४ रोजी पोर्ट आर्थर बंदराबाहेर 'पेत्रोपाव्लोव्स्क' ही युद्धनौका पाणसुरुंगावर आदळली आणि काही मिनिटांतच बुडाली. नौसेनापती मकारोव्ह आणि सहाशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. त्यांत वेरेश्चागिन होता. नौदलाच्या शाळेतून पहिला आलेला आणि नौदल सोडून गेलेला तो मुलगा शेवटी युद्धनौकेवरच गेला. त्याचा देह मिळाला नाही. भावाचाही मिळाला नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, आपण ग्वाल्हेरचे लोक फूलबागेजवळून रोज जातो. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा अश्वारूढ पुतळा पाहून आपली मान आपोआप ताठ होते, आणि ती व्हायलाच हवी. पण जवळच गंगादासांच्या शाळेत साधूंच्या समाध्या आहेत. राणींच्या देहाचे रक्षण करताना १८५८ साली शेकडो साधू पडले, असे परंपरा सांगते. त्या समाध्या ठेंगण्या आहेत, घोड्यावर नाहीत, म्हणून आपली नजर तिकडे जात नाही. पुढच्या वेळी तेथे गेलात तर आधी त्या समाध्यांपाशी क्षणभर उभे राहा आणि मग मान वर करून पुतळ्याकडे पाहा. राणींचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होणार नाही. उलट ते कोणाच्या खांद्यांवर उभे होते ते दिसेल.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला आम्ही पाचपैकी पाच गुण दिले. उत्तर लिहिले नव्हते, तरीही. चित्राकडे कसे पाहायचे ते वर्गात तिलाच प्रथम कळले होते.